टबातली भरती

या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी गेली कित्येक वर्षं वाचते... मुख्यतः चुका काढायला. बहुतेक ठिकाणी एक तर वायरिंग बिघडलेलं असतं, नाहीतर सांगणाऱ्याचं पोट. आमच्या घरात भूतबित हा प्रकारच नव्हता. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हा देव्हारा गाठोड्यात बांधून नदीत सोडला, आणि आजी सांगायची, "त्याच गाठोड्यात मी भुतंपण बांधून दिली." त्यामुळे आमच्याकडे दिवे गेले की आधी फ्यूज बघतात, अंगारा शोधत नाहीत.

हे लिहिताना हात थरथरतोय वगैरे काही नाही. जे पाहिलं ते दिवसाढवळ्या, ऑफिसच्या वेळेत, चष्मा लावून पाहिलं. फक्त त्याचं कारण मला सापडलेलं नाही. कोणाला सापडलं तर जरूर कळवा, पण "मनाचे खेळ" एवढं दोन शब्दांत लिहून पळू नका.

मी पुण्यातल्या एका पुरातत्त्व संस्थेत काम करते. नाव सांगत नाही, नोकरीची अजून अकरा वर्षं आहेत. माझं काम समुद्रातून वर आलेल्या वस्तू टिकवण्याचं. पुण्यात कुठला समुद्र, असं लोक विचारतात. समुद्र नाही, पण समुद्राचं मीठ आमच्याकडे भरपूर येतं. पाण्यातून काढलेल्या वस्तूत मीठ मुरलेलं असतं. वस्तू वाळली की ते मीठ फुलतं आणि वरचा थर सोलून काढतं. म्हणून ती गोड्या पाण्यात बुडवून ठेवायची आणि मीठ यायचं थांबेपर्यंत पाणी रोज बदलायचं. टबाच्या आतल्या बाजूला पेन्सिलने रेघ मारायची, रेघेपर्यंत पाणी भरायचं, दुसऱ्या दिवशी पाणी किती खाली गेलं ते लिहायचं. एवढंच. आमच्या लॅबमध्ये पाणी बदलल्याशिवाय सकाळचा चहा मिळत नाही.

आता मला शिकवणाऱ्या बापट सरांबद्दल सांगायला हवं, कारण हे सगळं त्यांचंच आहे.

हिमयुगात समुद्र आजच्यापेक्षा खूप खाली होता. आज जिथे कोकणात मचवे फिरतात, तिथे तेव्हा कोरडा किनारा होता. आफ्रिकेतून निघालेली माणसं किनाऱ्याकिनाऱ्याने इकडे आली असतील, तर त्यांचे मुक्काम आज पाण्याखाली असणार, हे सर आम्हाला घसा फोडून सांगायचे. अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्यांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावासमोर स्वतः बुडी मारली आणि चकमकीच्या दगडाचे अकरा तुकडे वर आणले. माणसाने ठोकून काढलेले छिलके, कोणीही बघून सांगावं इतके स्पष्ट. दुसऱ्या वर्षी मोठी टीम त्याच जागी गेली. खाली वाळू... नुसती वाळू. एक खडा नाही.

आमच्या धंद्यात जागा माहीत नसलेला दगड म्हणजे नुसता दगड. पुण्यात मीटिंग झाली, आणि त्यात एका मोठ्या माणसाने अगदी गोड आवाजात विचारलं, "सर, कुठल्या नदीतून आणलेत हो?" सगळा हॉल हसला. मी तेव्हा एम.ए.ला होते, मागच्या रांगेत बसले होते. मीही हसले. सरांनी मागे वळून पाहिलं होतं. माझ्याकडेच पाहिलं असं नाही, पण मला तसं वाटलं, आणि अजून वाटतं.

त्यानंतर सर निवृत्त होईपर्यंत शिकवत राहिले, पण त्या दगडांचा विषय काढला नाही. ते दगड एका कापडी पिशवीत, आमच्या स्टोअरच्या कपाटात पडून राहिले.

या जानेवारीत स्टोअर रिकामं करायचं फर्मान निघालं. विभागप्रमुख म्हणाले, "मॅडम, ज्याची जागा नक्की नाही ते सगळं काढून टाका. मार्चअखेर." मी पिशवी उघडली तर दगडांवर मीठ फुललेलं होतं. टाकायचेच तर टाकू, पण असे आजारी नकोत, म्हणून मी ते टबात घातले. खरं कारण वेगळं होतं. मला वेळ हवा होता. सर आता ब्याऐंशीचे. कात्रजला मुलीकडे असतात आणि माणसं विसरत चाललेत. मार्चअखेर दगड गेले की सरांवरचा तो डाग कायमचा राहणार होता, आणि माझं ते हसणंही.

लॅबमध्ये माझ्याबरोबर शेलारबाई आहेत. मांजरी गावाहून येतात, बावीस वर्षं टब बदलतायत. माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं, आणि हे त्या मला विसरू देत नाहीत. तिसऱ्या दिवशी साडेअकराच्या सुमारास त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मॅडम, त्या दगडांच्या टबात पानी कोन घालतंय?"

"कोण घालणार? तुम्हीच."

"मी सकाळी रेघंपर्यंत भरलं. आता दोन बोटं वर हाय."

"मग जास्त भरलं असेल."

त्यांनी दोन बोटं माझ्यासमोर धरली. बावीस वर्षांत त्यांनी एकदाही जास्त भरलेलं नाही, हे मला माहीत होतं. मी उठले, जाऊन पाहिलं. पाणी रेघेच्या दोन बोटं वर होतं. छतातून गळती नाही, नळ दूर. मी तिथे दुसरी रेघ मारली, वेळ लिहिली आणि कामाला लागले. चार वाजता पाहिलं तर पाणी पहिल्या रेघेच्याही खाली गेलेलं. टब फुटलाय म्हणावं तर टेबल कोरडं ठणठणीत.

यावर बाकीचे लोक काय करतात मला माहीत नाही. मी तक्ता केला.

टब बदलला, तरी तेच. शेजारी तसाच दुसरा टब ठेवून त्यात नदीतले अकरा गोटे घातले. त्यातलं पाणी शहाण्यासारखं दिवसभर एका जागी. पाण्याची चव घेतली... हो, घेतली, आम्ही घेतो. रोजच्यासारखीच, दगडातल्या मिठाची जराशी खारट. मग सबंध टब वजनकाट्यावर ठेवला, आणि इथे मात्र मी खुर्चीत बसले. पाणी दोन बोटं चढलं, पण वजन जिथल्या तिथे. एक ग्रॅमही वाढलं नाही. म्हणजे पाणी वाढत नव्हतं. तेवढंच पाणी चढत होतं आणि उतरत होतं.

मोबाईल स्टँडला लावून शूटिंगही केलं. पाणी चढताना स्वच्छ दिसतं. माझ्या भाच्याला दाखवलं, तो हिंजवडीला नोकरी करतो. म्हणाला, "मस्त आहे मावशी, कुठल्या एआयवर केलंस?" घ्या. म्हणजे पुरावा असूनही नसल्यासारखाच. त्यानंतर मी ते कोणाला दाखवलं नाही.

तक्ता सुरू केल्याच्या पाचव्या दिवशी त्याच्याकडे बघताना शेलारबाईच म्हणाल्या, "रोज पाऊन तासानं पुढं सरकतंय ह्ये."

रोज पाऊण तास, पन्नास मिनिटं पुढे काय सरकतं, हे समुद्राशी संबंध असलेल्या कोणालाही विचारा. भरती! मी लगेच सरांच्या त्या गावाजवळच्या बंदराचं भरतीचं कोष्टक काढलं. जुळत होतं... आणि नव्हतंही. टबातली भरती बंदरापेक्षा रोज साधारण पंचवीस मिनिटं उशिरा यायची. शिवाय टबातलं पाणी भरभर चढायचं आणि रेंगाळत उतरायचं. उघड्या समुद्राची भरती अशी नसते. अशी भरती असते खाडीच्या आत, जिथे तोंडाशी वाळूचा दांडा आडवा असतो आणि आत आलेलं पाणी लवकर बाहेर पडू देत नाही.

भीती वाटली का? नाही हो. खरं सांगायचं तर आनंद झाला. आयुष्यभर दगडांना विचारत आले, कुठून आलात? पहिल्यांदा कोणी उत्तर देत होतं. ते का देत होतं हे मला कळत नव्हतं, पण उत्तर वाचता येत होतं.

मी सरांची त्या वेळची नोंदवही काढली. बुडी मारायच्या आधी बोट कुठे उभी आहे हे किनाऱ्यावरच्या खुणांवरून लिहायचं असतं. अमुक देऊळ या दिशेला, तमुक टेकडी त्या दिशेला. तेव्हा आमच्याकडे जीपीएस नव्हतं. वहीत दोन रकाने असतात, एक "उतरताना" आणि एक "वर आल्यावर". सरांच्या वहीत पहिल्या रकान्यात देऊळ, टेकडी, दीपस्तंभ, सगळं नीट. वेळ साडेनऊ. शेरा: धुकं दाट होत आहे. दुसऱ्या रकान्यात वेळ दहा चाळीस, आणि पुढे एकच शब्द.

वरीलप्रमाणे.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि तो भुताचा नव्हता. सर वर्गात कोणालाही "वरीलप्रमाणे" लिहू द्यायचे नाहीत. लिहिलं तर पान फाडून हातात द्यायचे. "पुन्हा मोज, पुन्हा लिही!" आम्हाला वाटायचं, पुणेरी खवचटपणा. सरांनी वर आल्यावर दिशा घेतल्याच नव्हत्या. धुक्यात किनारा दिसत नव्हता, हातात अकरा छिलके, कोण कशाला देऊळ शोधत बसतोय! मी त्या तारखेची भरती काढली. तो सगळा वेळ पाणी चढत होतं. गावाच्या जरा उत्तरेला खाडीचं तोंड आहे, आणि त्या तोंडाशी वाळूचा दांडा. नांगर घसरला असेल, तर चढत्या पाण्याने बोट तास-सव्वा तासात अलगद खाडीत नेली असणार. खाली सर दोराला धरून, गढूळ पाण्यात... हातभर अंतरावरचं दिसत नाही तिथे. त्यांना कळणार तरी कसं?

शनिवारी मी स्कूटर काढली आणि वारज्याच्या घरून थेट कात्रज गाठलं. सरांची मुलगी वृंदा, माझ्याच वयाची. दार उघडतानाच म्हणाली, "आज ओळखतील असं नाही हं. वाईट वाटून घेऊ नकोस."

नाहीच ओळखलं. मी खाडीचं विचारलं, नांगराचं विचारलं. सर माझ्या ओढणीच्या काठाकडे बघत राहिले. मग एकदम उठले, गॅलरीत गेले आणि कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरून, पाय फाकवून उभे राहिले. हलत्या बोटीत उभं राहतात तसे.

"हे रोजचंच," वृंदा म्हणाली. "रोज वेगळ्या वेळी. डॉक्टरांनी वेळा लिहून ठेवायला सांगितल्यात. त्यांनाही काही कळत नाहीये."

तिने फ्रिजवरचा कागद काढून दिला. मी पर्समधून माझा तक्ता काढला. आम्ही दोघींनी डायनिंग टेबलवर दोन्ही कागद शेजारी ठेवले. त्या वेळा लिहिणाऱ्या वृंदाने माझा टब पाहिला नव्हता, आणि मी तिचा फ्रिज. माझ्या तक्त्यात जेव्हा जेव्हा पाणी सगळ्यात वर होतं, तेव्हा तेव्हा सर गॅलरीत उभे होते. एक दिवससुद्धा चुकला नव्हता.

वृंदाने बोट फिरवत सगळ्या वेळा पुन्हा ताडून पाहिल्या. मग म्हणाली, "हे बाबांना त्रास देतंय का गं?"

"देतंय," मी म्हटलं. "मी थांबवते."

आता हे मी कुठल्या जोरावर म्हटलं, देव जाणे, म्हणजे आमच्याकडे तोही नाही. पण म्हटलं.

सोमवारी विभागप्रमुखांसमोर उभी राहिले. टबाचं बोलले असते तर मला सुट्टी घ्यायला सांगितलं असतं. म्हणून मी अकरातला नववा दगड पुढे केला. त्यावर कालवांच्या चिकटलेल्या शिंपल्यांच्या खुणा होत्या, खाडीत वाढणाऱ्या जातीच्या. "सर, हे दगड खाडीत पडून होते. आपण बाहेर शोधलं." आणि वहीतला तो शब्द दाखवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "अठ्ठावीस वर्षं हे कोणीच वाचलं नाही?"

"सगळ्यांनी वाचलं. पण त्यात वाचण्यासारखं काय आहे, असं वाटलं."

शेजारच्या बंदराजवळ आमची एक टीम आधीच काम करत होती. त्यांचे दोन पाणबुडे मला तीन दिवसांसाठी मिळाले. मीही खाडीवर गेले. पहिला दिवस चिखलात गेला. दुसरा दिवसही. संध्याकाळी टीमचा प्रमुख मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही फार खात्रीने बोलता हं." मी म्हटलं, "बोलते. उद्या खाडीच्या वळणाच्या आत बघा." पंचवीस मिनिटं उशीर म्हणजे भरती तेवढी आत पोचलेली, हा टबाचा हिशोब मी त्याला सांगितला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी वळणाच्या आत, कालवांच्या खडकाला लागून, चिखलाखालच्या कडक मातीत त्यांच्या हाताला काहीतरी लागलं. जागेवरच फोटो काढले, मोजमापं घेतली, उतरताना आणि वर आल्यावरही. मग एक दगड वर आला. नारळाएवढा, चकमकीचा, चारी बाजूंनी छिलके काढलेला. ज्या दगडातून छिलके ठोकून काढतात त्याला आम्ही गाभा म्हणतो. खाली अजून होते. त्यांचं वय ठरायचंय, ते काम चालू आहे, त्याबद्दल आत्ता एक अक्षर जास्त बोलणार नाही. पण हा गाभा सरांच्याच दगडांचा आहे हे सिद्ध करायचा एकच मार्ग होता. अकरातला एक तरी छिलका त्याच्यावर जिथून निघाला तिथे परत बसायला हवा. तो दोन ठिकाणी बसत नाही. बसला तर बसला.

लॅबमध्ये मी दोन तास प्रयत्न केला. शेलारबाईंनी जेवणाच्या सुट्टीत केला. नाही जमलं. अकराही छिलके फिरवून फिरवून पाहिले. शेवटी बाई म्हणाल्या, "ज्याचं त्याला द्या की मॅडम."

ओल्या फडक्यांत सगळं गुंडाळलं आणि आम्ही दोघी रिक्षाने कात्रजला गेलो. दुपारचे तीन वाजले होते. सर आरामखुर्चीत होते. वृंदाने त्यांच्या मांडीवर टॉवेल पसरला. मी गाभा ठेवला, शेजारी अकरा छिलके मांडले आणि बाजूला झाले.

सरांनी दगडाकडे पाहिलंसुद्धा नाही. खिडकीकडे बघत होते. नुसती बोटं फिरवली, गाभ्याच्या अंगावरून, एकदा, दोनदा, आंधळ्यासारखी. मग सातवा छिलका उचलला, उलटा केला आणि लावला.

टक्.

इतका छोटा आवाज. छिलका बसला तो असा बसला की फट दिसेना. शेलारबाई "अगं बाई" म्हणून वाकून बघायला लागल्या. वृंदा रडायला लागली. सर दोन्ही हातांत तो दगड धरून होते, आणि मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी नक्की माझ्याकडेच.

"मी म्हणत होतो ना," ते म्हणाले.

आयुष्यभर जे बोलायचं होतं ते भलत्याच घाईत बोलले. "सर, त्या मीटिंगमध्ये मीपण हसले होते."

"सगळेच हसले." जणू कालचीच गोष्ट. मग म्हणाले, "जागेची नोंद केलीस?"

"केली सर."

"वरीलप्रमाणे लिहू नकोस."

एवढंच. नंतर ते परत खिडकीकडे बघायला लागले, आणि वृंदाने चहा आणला तेव्हा मी कोण हे त्यांना पुन्हा आठवत नव्हतं. पण त्या दिवसापासून आजपर्यंत ते गॅलरीत जाऊन कठडा धरून उभे राहिलेले नाहीत. वृंदाचा फ्रिजवरचा कागद कोरा आहे.

टबातलं पाणीही त्या दिवसापासून रेघेवर आहे. छिलके परत टबात घातले, गाभाही घातला, रोज पाणी बदलतो. दगड टाकायचा प्रश्नच उरला नाही. त्यांना आता संस्थेचा नोंदणी नंबर आहे, जागा आहे आणि सरांचं नाव आहे. विभागप्रमुखांनी अहवालात पहिल्या ओळीत ते लिहिलंय, मी सांगायच्या आधी.

अहवालात मी कालवांच्या खुणा लिहिल्या, वहीतली चूक लिहिली, त्या तारखेची भरती लिहिली. यातलं एकही अक्षर खोटं नाही. फक्त या गोष्टी मला कोणत्या क्रमाने दिसल्या, ते लिहिलेलं नाही. ते इथे लिहिलं. वजन न वाढता पाणी कसं चढलं? कात्रजच्या चौथ्या मजल्यावर बसलेल्या माणसाला त्या पाण्याची वेळ कशी कळत होती? मला माहीत नाही. शोधलं, अजून शोधतेय, आणि नाही सापडलं हे सांगायला मला लाज वाटत नाही.

टबाच्या तक्त्यात आता पाच रकाने आहेत. शेलारबाई रोज सकाळी तारीख, वेळ, पातळी आणि चव नव्याने मोजून लिहितात, कालच्यासारखंच असलं तरी. पाचवा रकाना कारणाचा आहे. तो आम्ही कोरा ठेवलाय.